दरड पडली, रस्ता खचला, पण दुरुस्ती नेमकी सुरू कुठून करायची?

कोकणात पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते. अमुक घाटात दरड कोसळली, वाहतूक ठप्प, जेसीबी रवाना. मग चार-सहा तासांनी दुसरी येते, दरड हटवली, वाहतूक पूर्ववत. लोक ही दुसरी बातमी वाचून गाडी काढतात आणि माझी धाकधूक खरं तर तिथून पुढे सुरू होते. कारण दरड हटवली म्हणजे पडलेली माती उचलली, एवढंच झालेलं असतं. ती का पडली, जिथून पडली तिथे आता काय लटकतंय, पाणी अजून त्याच वाटेने येतंय का, यातलं काही कुणी बघितलेलं नसतं आणि बऱ्याचदा पुढेही बघितलं जात नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. माहेर चिपळूण तालुक्यातलं, सासर संगमेश्वराकडचं, आणि कामही याच भागातल्या घाटरस्त्यांचं नि गावरस्त्यांचं, कधी डिझाईन तर कधी साईट. याच रस्त्यांनी आमची पोरं शाळेला जातात, आंब्याच्या पेट्या वाशीला जातात, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर हाच रस्ता. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कंटाळा आला तरी वाचा.

आधी आपली जमीन समजून घेऊ. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर, आपला काळवत्री दगड, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पातळ पट्टा असतो, आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. वरचा दगड भेगाळलेला असतो, त्यातून पाणी सरळ खाली उतरतं आणि या लाल पट्ट्यावर येऊन अडतं, मग आडवं सरकत जातं आणि जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे बाहेर फुटतं. घाट चढताना कटिंगमध्ये मध्येच एक ओली लाल रेघ दिसते ना, ती हीच. किनाऱ्याकडे आलात की वर जांभ्याचा सडा, जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो, पण त्याच्याखाली पांढरट-गुलाबी गुळगुळीत चिकणमाती लागते, विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, ती पाणी खाली जाऊच देत नाही. म्हणजे घाट असो नाहीतर खाडीकाठ, गोष्ट तीच आहे, वरून पाणी आत शिरतं, मध्ये अडतं, आणि अडलं की त्याच्यावरचा सगळा भार निसटायला बघतो.

मातीच्या कणांमधल्या फटीत पाणी भरलं की ते कणांना एकमेकांपासून ढकलतं, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जो उतार वर्षानुवर्षं उभा होता तो एका रात्रीत उभा राहू शकत नाही. म्हणूनच पहिल्या पावसात दरडी कमी पडतात आणि जुलैच्या मध्यानंतर जास्त, तोवर डोंगर आतून भरलेला असतो आणि मग एखादा दिवस ढगफुटीसारखा येतो.

२२ जुलै २०२१ तसाच आला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस पडला. चिपळूण बुडालं, महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली, खेडमधल्या पोसऱ्याला, पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी आल्या. रस्त्यांचं म्हणाल तर आंबेनळी घाट तुटला, आंबा घाट खचला, परशुराम घाटात माती आली, चिपळूणला वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाला तडाखा बसून हायवेच बंद पडला. मदत पोचवायची तर कुठून न्यायची हाच प्रश्न होता, आणि हे ज्यांनी बघितलंय त्यांना रस्त्याची दुरुस्ती ही काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. बरं हे पहिल्यांदा झालं असंही नाही, २००५ च्या जुलैत याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्याच होत्या.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की खचलेल्या रस्त्याची दुरुस्ती रस्त्यावर सुरू होत नाही. ती सुरू होते रस्त्याच्या वर, डोंगरात, आणि संपते रस्त्याच्या खाली, जिथे पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं तिथे. मधली ती पाच-सात मीटर रुंदीची डांबराची पट्टी हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. पण आपल्याकडे इस्टिमेट त्या पट्टीचंच होतं.

पहिल्या काही तासांचं काम वेगळं, तिथे वाद नाही, रस्ता मोकळा करायचाच असतो. पण तिथेही एक गोष्ट मी प्रत्येक ऑपरेटरला सांगते, ढिगाऱ्याचा पायथा एकदम खेचू नको. पडलेली माती ही वरच्या अजून न पडलेल्या मातीला टेकू देऊन उभी असते. खालून बकेट मारून ती ओढली की वरचा पुढचा तुकडा सुटतो आणि मशीनवरच येतो. आधी एक माणूस सुरक्षित जागी, वरचा उतार नीट दिसेल असा, शिट्टी घेऊन उभा करायचा, त्याने दुसरं काहीही करायचं नाही, फक्त वर बघायचं, बारीक दगड घरंगळायला लागले की शिट्टी. मोठा पाऊस चालू असेल तर थांबायचं. एक लेन मोकळी झाली की बास, बाकीची माती पाऊस ओसरल्यावर वरून खाली टप्प्याटप्प्याने काढायची. लोक घाई करतात, गाड्यांची रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात, मला कळतं सगळं, पण मशीनमध्ये बसलेला पोरगा पण कुणाचा तरी आहे.

आणि ती काढलेली माती टाकायची कुठे? हा प्रश्न कुणी विचारत नाही. नव्वद टक्के वेळा ती समोरच्या दरीत ढकलतात, डोळ्यासमोरून गेली की झालं. पण ती दरीच्या उतारावर जाऊन बसते, त्या उतारावर नवा बोजा येतो, खालच्या पऱ्यात जाते, पऱ्या तुंबतो आणि पुढच्या मोठ्या पावसात खालच्या वाडीतल्या कुणाच्या तरी भातशेतीत गाळ घेऊन शिरतो. वरचा रस्ता उघडला आणि खालची खाचरं गेली, याला दुरुस्ती म्हणवत नाही मला. डंपर लावून माती सपाट जागी नेऊन टाकली पाहिजे, खर्च येतो, तो धरायचा.

दुसरा प्रकार म्हणजे दरीच्या बाजूने रस्ता खचणं. निम्मा रस्ता खाली जातो, डांबराची कड हवेत लटकत राहते. इथे तात्पुरतं म्हणून वाळूच्या गोणी नाहीतर डांबराची रिकामी पिंपं भरून रचतात, ते ठीक आहे, पावसाळा काढायला चालतं. पण पक्कं काम म्हणून जी संरक्षक भिंत बांधतात ती दोन-तीन पावसाळ्यांत पोट फुगवून पडलेली मी अनेक ठिकाणी बघितलीय, आणि प्रत्येक वेळी लोक म्हणतात सिमेंट खाल्लं. खाल्लंही असेल, पण सिमेंट पूर्ण घातलेली भिंतसुद्धा पडते. कशी ते आकड्यात सांगते.

समजा भिंत पाच मीटर उंच आहे आणि मागे चांगला, नीट दाबलेला कोरडा भराव आहे. तो भराव भिंतीच्या दर एक मीटर लांबीला साधारण साडेसात टन जोराने ढकलतो. भिंतीचं डिझाईन याच हिशोबात केलेलं असतं, थोडी सुरक्षितता धरून. आता त्याच भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबलं तर? नुसत्या पाण्याचाच जोर साडेबारा टन होतो, त्यात पाण्यात बुडालेल्या मातीचे चारेक टन, म्हणजे एकूण सोळा-सतरा टन. दुपटीहून जास्त. भिंतीत एक दगडही कमी नाही, सिमेंट एक किलोही कमी नाही, तरी ती जाणार. म्हणून भिंतीला जी बारीक भोकं ठेवतात, वीप होल, ती शोभेची नसतात. आणि नुसती भोकं ठेवूनही भागत नाही, त्यांच्या मागे खडी-वाळूचा फिल्टर भरावा लागतो किंवा पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्सटाईल कापड लावावं लागतं, नाहीतर पहिल्याच वर्षी भोकं मातीने बुजतात. मी साईटवर गेले की आधी भोकात काठी घालून बघते. काठी एक वीत पण आत गेली नाही की समजायचं मागे फिल्टर नाही, सरळ काळी-लाल माती लोटलेली आहे, बहुतेक तीच, दरडीची, फुकट मिळाली म्हणून.

दरडीची माती भरावाला वापरणं हा तर मला सगळ्यात चीड आणणारा प्रकार आहे. ती माती एकदा निसटलेली आहे, तिच्यात चिकणमाती आहे, झाडांची मुळं आहेत, मोठाले धोंडे आहेत, ती दाबून बसत नाही. भराव मुरमाचा हवा, पातळ थरांत हवा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरलेला हवा. आणि थर टाकण्याआधी खालच्या उताराला पायऱ्या कापून घ्यायच्या, म्हणजे नवा भराव जुन्या जमिनीत अडकून बसतो. तिरक्या गुळगुळीत उतारावर तसाच भराव टाकला तर तो खाली घसरण्यासाठीच टाकलेला असतो. भिंतीचा पाया कातळापर्यंत किंवा घट्ट मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. इथे मोठी फसगत होते ती अशी की घाटातल्या रस्त्याची दरीकडची बाजू म्हणजे बऱ्याचदा रस्ता पहिल्यांदा काढला तेव्हा कापून टाकलेली माती असते, वरून गवत-झाडी आलेली, दिसायला अस्सल जमीन, पण खाली सगळं पोकळ. चाचणी खड्डा घेतल्याशिवाय किंवा बोअर मारल्याशिवाय ते कळत नाही.

मग भिंत कुठली बांधायची? मला विचाराल तर बऱ्याच ठिकाणी गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत. तिच्यातून पाणी आरपार जातं, मागे तुंबायचा प्रश्न कमी होतो, आणि जमीन जराशी बसली तर ती वाकते पण एकदम मोडत नाही. पण तिलाही नियम आहेत. दगड काळवत्रीच हवा, जांभा नको, तो पाण्यात झिजतो. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे हवेत आणि हाताने रचलेले हवेत, पोकलेनने ओतलेले नकोत, आतल्या पोकळ्या बसल्या की पेटी वाकडी होते. आपल्याकडे खारी हवा, त्यामुळे तार जस्ताचा मुलामा असलेली आणि वर पीव्हीसीचं आवरण असलेली हवी, साधी तार काही वर्षांत गंजून तुटते. आणि गॅबियनच्या मागेही जिओटेक्सटाईल लागतंच, नाहीतर पाण्याबरोबर मागची मातीपण निघून जाते आणि वर रस्त्याला खड्डा पडतो, मग लोक म्हणतात अचानक भगदाड पडलं. अचानक काही पडलेलं नसतं.

आता मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटा. हा विषय निघाला की मी थांबत नाही, घरचे पण हसतात, पण कोकणातले निम्म्याहून जास्त रस्ते मोरीपाशीच तुटतात हे माझं ठाम मत आहे. साधा हिशोब करून बघा. रस्त्याच्या वर दहा हेक्टरचा उतार आहे, म्हणजे पंचवीस एकर, आणि तासाला १०० मिलीमीटरच्या जोराने पाऊस पडतोय, आपल्याकडे जोराच्या सरीला तेवढा पडतोच. त्यातलं सत्तर टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर मोरीच्या तोंडाशी सेकंदाला जवळपास दोन घनमीटर पाणी येतं. दहा हजार लिटरचा एक टँकर दर पाच सेकंदाला मोरीत रिकामा केला तर जे होईल ते. आणि मोरीला पाईप किती टाकलेला असतो? ६०० मिलीमीटर. त्यातून सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी गेलं तरी अर्ध्या घनमीटरच्या थोडं वर जातं. बाकीचं कुठे जाणार? रस्त्यावरून. आणि हे पाईप स्वच्छ असताना. एक फांदी आडवी आली, तिच्यामागे पालापाचोळा अडकला की तेवढंही नाही.

पाईप १२०० चा केला तर व्यास दुप्पट, आडवा छेद चौपट, आणि पाणी वाहून न्यायची ताकद सहापटीच्या आसपास, शिवाय माणूस आत शिरून साफ करू शकतो. पैशात फरक पडतो पण सहापट पडत नाही. हे काही मी नवीन सांगत नाहीये, इंडियन रोड्स काँग्रेसचं छोट्या पुलांसाठी आणि मोऱ्यांसाठी एसपी १३ नावाची मार्गदर्शिका आहे, रस्त्याच्या ड्रेनेजसाठी एसपी ४२ आहे, घाटरस्त्यांसाठी एसपी ४८ आहे, सगळं लिहिलेलं आहे. मोठ्या ओढ्या-नद्यांसाठी तर आपल्या पश्चिम घाटाकडच्या पुरांच्या अभ्यासातून निघालेलं इंग्लिसचं सूत्र आहे, पाणलोटाचं क्षेत्रफळ घाला आणि पुराचं पाणी काढा, आजही सगळे वापरतात. पण दुरुस्तीच्या इस्टिमेटमध्ये काय लिहितात, वाहून गेलेली मोरी पूर्वीप्रमाणे बांधणे. पूर्वीप्रमाणे! अहो ती पूर्वीप्रमाणे होती म्हणून तर वाहून गेली.

आणि मोरीची जागा. आमच्या एका कामावर पाईप वाहून गेला होता, तिथेच मोठी बॉक्स मोरी घालायची असं ठरलेलं होतं. गावातले एक आजोबा काठी टेकत आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, ह्यो पऱ्या आदी त्या फनसाच्या मुळातनं जायाचा, रस्ता काडलानी तवा हिकडं वळवलानी." आम्ही वर चढून बघितलं, खरंच जुन्या वाटेचा खोलगट पट्टा स्पष्ट दिसत होता आणि मोठ्या पावसात निम्मं पाणी अजून तिकडूनच येत होतं, गटारात शिरून आडवं वाहत मोरीपर्यंत पोचायच्या आधीच रस्ता कुरतडत होतं. मग एकाऐवजी दोन मोऱ्या झाल्या, दुसरी फणसाच्या समोर. आता कुठलाही नवीन इंजिनिअर साईटवर आला की मी त्याला सांगते, लेव्हल मशीन लावण्याआधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुराख्याला गाठ.

मोरीतून पाणी पलीकडे गेलं की आपलं काम संपलं असं पण नाही. पाईपाच्या तोंडातून पाणी उंचावरून पडतं आणि खालचा पायथा पोखरतं, पायथा गेला की मोरीची भिंत, मग रस्ता. खाली दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, पायऱ्या-पायऱ्यांचा उतार, पाण्याचा जोर मोडून मगच त्याला पऱ्यात सोडायचं. हे बाहेरून दिसत नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला तर नाहीच, म्हणून इस्टिमेट कापायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते.

आता रस्त्याच्या वरची बाजू, आणि इथे खरी अडचण आहे. वरून येणारं पाणी कटिंगच्या तोंडावर येऊच नये म्हणून कटिंगच्या माथ्यावर, थोडं मागे, एक चर काढतात, कॅच वॉटर ड्रेन, तो पाणी अडवून बाजूच्या पऱ्यात नेतो. कमी खर्चाचा आणि अतिशय गुणकारी उपाय. पण तो काढायचा कुठे, तर तो जमिनीचा तुकडा रस्त्याच्या हद्दीत नसतो. आपल्याकडे डोंगर बहुतेक खासगी, सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास सहहिस्सेदारांची नावं, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारस नोंद झालेली नाही. दोन मीटर रुंदीच्या चराला संमती घ्यायची तर कुणाकुणाच्या दारात जाणार? वनखात्याची जमीन असेल तर वेगळी परवानगी. म्हणून जेई, म्हणजे खात्याचा कनिष्ठ अभियंता, काय करतो, हद्दीत जे बसतं ते करतो, म्हणजे गटार आणि भिंत. मी त्याला दोष देत नाही. पण यावर उपाय गावातूनच निघू शकतो, सहहिस्सेदार एकमेकांचे भाऊबंद असतात, गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हा बसून एका कागदावर सह्या होऊ शकतात. दोन गावांत झाल्यात, मी बघितल्यात.

याच वरच्या बाजूला अलीकडे अजून एक गोष्ट होतेय. आंबा-काजूच्या बागेसाठी जेसीबी लावून उतार कापून टप्पे करतात. बाग करा, जरूर करा, आमचीही आहे. पण तीव्र उतारावर, रस्त्याच्या नाहीतर वाडीच्या डोक्यावर, पाणी जिरवणारे आडवे चर खणू नका. सपाटीला पाणी जिरवणं पुण्याचं काम असेल, तिथे मात्र ते पाणी डोंगराच्या पोटात भरलं जातं. त्या जागी पाणी जिरवायचं नाही, हलक्या ढाळाने बाजूला काढायचं. उतार धरायला वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात, आपल्या हवेत तो सहज येतो. अर्थात वाळा वरची माती धरतो, मीटर-दोन मीटरची, पंधरा मीटर खोल सरकणाऱ्या दरडीला वाळा थांबवू शकत नाही, तिथे सॉइल नेलिंग म्हणजे उतारात खोल सळ्या रोवणं, जाळी, आडव्या भोकांतून आतलं पाणी बाहेर काढणं हेच करावं लागतं. उगाच गवताने सगळं होतं असंही कुणी सांगू नये.

कोकण रेल्वेकडे बघा. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून जास्त माणसं गेली, लगेच पुढच्या जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात, तोही रुळावर आलेल्या दगडांमुळे. त्यानंतर त्यांनी कटिंगचे उतार सौम्य केले, जाळ्या मारल्या, सॉइल नेलिंग केलं, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक करून गाड्यांचा वेग कमी ठेवला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धोक्याच्या जागी पावसाळाभर पायी गस्त घालणारी माणसं ठेवली. धोका संपला असं नाही, २०२४ च्या जुलैत दिवाणखवटीजवळ माती रुळावर आली आणि गाड्या अडकून पडल्याच. पण डोंगर पण रुळाचाच भाग आहे हे त्यांनी मान्य केलंय. रस्त्यावर पूर्वी मैलकुली असायचे, ठराविक मैलांचा रस्ता त्यांच्याकडे, आगोटीला गटारं उपसून मोऱ्या साफ करायचे, भर पावसात फावडं घेऊन फिरायचे, तुंबलेली मोरी तासाभरात मोकळी करायचे. आता आमच्या रस्त्यावर तसं कुणी दिसत नाही. एक माणूस, एक फावडं, एक घोंगडी किंवा रेनकोट, आणि काही लाखांची मोरी वाचते. दुरुस्तीतला हा सगळ्यात स्वस्त भाग परत आणला पाहिजे, मला हे फार मनापासून वाटतं.

आणि वेळ. काम कसं होतं बघा. जुलैत रस्ता जातो, दिवाळीपर्यंत पाहणी, मग इस्टिमेट, मंजुरी येईपर्यंत शिमगा, टेंडर होऊन वर्कऑर्डर मिळेपर्यंत एप्रिल उजाडतो. मग मे महिन्यात धावपळ. काँक्रीटला पाणी मारायला पाणी नाही, टँकर गावाला पुरत नाहीत तर साईटला कुठून, भराव दाबायला वेळ नाही, आणि तेवढ्यात वळवाचा पाऊस. म्हणजे नवीन भिंत आपला पहिला पावसाळा अर्धवट अवस्थेत घेते. माझं म्हणणं, पाहणी भर पावसात व्हायला हवी. जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी वाहत असताना, छत्री घेऊन वर चढा. उमाळे कुठे फुटतात, गटाराचं पाणी कुठे रस्ता ओलांडतं, कुठलं पाणी गढूळ आहे, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. नोव्हेंबरमध्ये तीच जागा कोरडी ठणठणीत असते आणि पाण्याचा मागमूस नसतो, मग डिझाईन करणारा अंदाजाने करतो. पावसात बघितलं, नवरात्रापर्यंत इस्टिमेट झालं, तर दिवाळीनंतर काम सुरू होऊन मार्चपर्यंत संपतं.

होत नाही असं कुणी म्हणू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, ती रात्र कोकणातलं कुणी विसरलेलं नाही. तिथे नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये, पुढच्या पावसाच्या आत, वाहतुकीला खुला झाला. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत कामासाठी पूर्ण बंद केला, लोकांचे हाल झाले, वळसा घालून कोल्हापूर गाठावं लागलं, व्यापाऱ्यांची ओरड होती आणि ती रास्तच होती. तरी मला वाटतं, चालू वाहतुकीत घाईघाईने ठिगळं लावण्यापेक्षा घाट बंद करून मोऱ्या-भिंती मुळापासून करणं बरं, फक्त बंदची तारीख आणि उघडायची तारीख लोकांना आधी सांगा आणि पाळा.

शेवटी, तुम्ही गावात राहत असाल तर एक काम करा. रस्त्याला किंवा वरच्या डोंगराला लांब, वळणदार भेग दिसली, रस्त्याला समांतर जाणारी, तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी सळी ठोका आणि टेपने दोन सळ्यांमधलं अंतर मोजा. रोज सकाळी एकाच वेळी मोजायचं, जोराचा पाऊस असेल तर संध्याकाळीही. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून कडेच्या चिकणमातीने ती बुजवा, वर ताडपत्री टाका, वरचं पाणी बाजूला वळवा. पण हे बुजवणं-झाकणं-वळवणं पाऊस थांबलेला असताना आणि अंतर स्थिर असेल तरच. अंतर वाढतंय, झाडं कलायला लागलीत, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा वाहता झरा एकदम आटला, यातलं काहीही दिसलं तर टेप-बिप सोडा, खालच्या घरांना उठवा, रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी करून गाड्या थांबवा आणि १०७७ ला, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करा. वही मात्र ठेवा. पाच रकाने आखायचे, तारीख, वेळ, अंतर, पाऊस किती, आणि मोरीतल्या पाण्याचा रंग. पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवला आणि सकाळी आत पट्टी घातली तरी चालतं. ऑक्टोबरमध्ये ती वही झेरॉक्स करून ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि जेईच्या हातात द्या, इस्टिमेट लिहायच्या आधी.